खिळे जुळवणाऱ्या शिष्या

मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘पाचारण’ हा शब्द जपून वापरतात. अमक्याला पाचारण झाले म्हटले की डोळ्यांपुढे पाळक उभा राहतो. सेमिनरीत शिकलेला, दीक्षा घेतलेला, व्यासपीठावरून बोलणारा. बाकीच्यांनी रविवारी उपासनेला यावे, दान टाकावे, उपदेश ऐकावा आणि घरी जावे, अशी सर्वांच्या अंगवळणी पडलेली वाटणी असते. १९०५ साली पुणे जिल्ह्यातल्या केडगावात हाच शब्द अशा मुलीबाळींच्या, विधवांच्या वाट्याला आला, ज्यांतल्या कित्येकींना आठ-नऊ वर्षांपूर्वी अक्षरओळख नव्हती आणि पोटात अन्न नव्हते. त्यांना हाक कशी आली आणि त्या हाकेला ओ देण्याचे बळ त्यांच्यात कुठून आले, हे पाहायचे तर केडगावच्याही मागे जावे लागते. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानापर्यंत.

तिथे अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या पोटी, पुढे केडगावात या मुलींना आसरा देणाऱ्या रमाबाई जन्मल्या. पुढे वडील थकले, दृष्टी अधू झाली, तेव्हा धाकट्या मुलीला शिकवण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि आल्यागेल्याचे करण्यात आईला सवड नसे. म्हणून ती भल्या पहाटे झोपलेल्या पोरीला मायेने हाका मारून उठवी, आणि रानातली पाखरे जागी होत असताना धडे देई. रमाबाईंनी पुढे आत्मकथनात ही आठवण फार जिव्हाळ्याने लिहिली आहे. मला ती नुसती बालपणाची हळवी आठवण वाटत नाही. केडगावची सगळी रीत त्या पहाटेत आहे. जिला कुणीतरी शिकवले, तिने दुसरीला उठवून शिकवायचे.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर फिरे. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगणे ही त्यांची उपजीविका. पुराण संस्कृतात वाचले जाई. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यातले अवाक्षर कळत नसे, आणि कळायला हवे असेही कुणी म्हणत नसे. कानांवर पडले म्हणजे पुण्य लागले, ही श्रद्धा. लोक फुले वाहत, पैसा ठेवत, नमस्कार करून जात. लहान रमा त्या पुराणिकांच्या रांगेत बसून वाचत होती. न कळणाऱ्या पवित्र शब्दांची ही आठवण त्यांच्या मनातून कधी गेली नाही, असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहता म्हणावे लागते.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी मैलोन् मैल चालत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या विद्वानांनी या मराठी मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढचा काळ भराभर गेला. भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, मुलगी मनोरमेचा जन्म, १८८२ मध्ये पतीचे निधन, पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथून अमेरिका, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण ती शिष्यत्वाच्या मुळाशी आहे. रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मते पटली होती, ग्रंथ वाचून झाले होते, पंडितांशी आणि पाद्र्यांशी वाद घालून झाले होते. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की आपण धर्माला शरण गेलो, त्याच्या धन्याला नाही. असे उघडपणे लिहायला मोठे धैर्य लागते. त्यांचा बाप्तिस्मा जगभर गाजलेला होता. तो अपुरा होता असे म्हणणे म्हणजे विरोधकांच्या हाती काठी देणे. तरी त्यांनी ते लिहिले. म्हणूनच पुढे केडगावच्या मुलींनी नुसते नाव ख्रिस्ती लावावे, एवढ्यावर त्यांचे समाधान होणे शक्य नव्हते.

शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला आले. सदनात ज्या त्या जातीचे आचार पाळायची मोकळीक होती आणि धर्मोपदेश करायचा नाही असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत, आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्यांच्या लेकींवर बाईंच्या जगण्याचा परिणाम होत होता, हे खरेच होते. पुण्यातल्या प्रतिष्ठितांचा आधार गेला, आणि रमाबाईंची नजर शहराबाहेर वळली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावजवळ शंभर एकर माळरान घेतले होते. तिथे विहिरी खणल्या जात होत्या, फळझाडे लावली जात होती.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना स्वतःचे वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले आणि त्या निघाल्या. तिथे जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले आहे. हाडांचे सापळे झालेली मुले, आणि अनाथ तरुण मुलींवर टपून बसलेली माणसे. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, वर सरकारी निर्बंध. त्यामुळे सगळ्याजणी केडगावच्या माळावर राहायला गेल्या. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या, आणि मुक्तीची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींना सांभाळायला माणसे कुठून आणायची? रमाबाईंनी शारदा सदनातल्या मुलींना पुढे केले. त्यांतल्या कित्येक उच्च वर्णातल्या बालविधवा. त्यांनी अंगभर फोड आलेल्या, उवांनी माखलेल्या, कुणाच्या कोण, कुठल्या जातीच्या, अशा पोरींना न्हाऊ घालायचे, पेज भरवायची, रात्री शेजारी निजवायचे, आणि मग हाताला धरून मुळाक्षरे गिरवून घ्यायची. ‘तू आता शिष्य झालीस’ असे त्यांना कुणी सांगितले नसेल. मला मात्र वाटते, केडगावातली पहिली दीक्षा हीच. नव्या आलेल्यांतल्या थोड्या सावरलेल्या मुली मग पुढच्या खेपेला येणाऱ्यांच्या ताई झाल्या.

मुक्तीत फुकट बसून कुणी खात नसे. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धोबीकाम, दवाखान्यातली शुश्रूषा, छापखाना, पुस्तकबांधणी. अंध मुलींसाठी वेगळे घर होते. त्याला बायबलमधल्या वाटेवरच्या आंधळ्याचे, बार्तीमयाचे नाव दिले होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली होती, आणि त्या लिपीत अंध मुलींची बोटे वाचायला शिकली. प्रार्थनेसाठी भव्य मंदिर बांधले. मुली त्यात दाटीवाटीने जमिनीवर बसत.

दुष्काळातल्या अन्नाला धर्माची किंमत लावली, हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. भुकेल्या मुलीला निवड कितीशी असते? पण पुढे १९०५ मध्ये जे घडले त्याकडे पाहताना एक विचार मनात येतो. अन्न, अंथरूण आणि शाळा मिळून तेव्हा कित्येक वर्षे झाली होती. नाव ख्रिस्ती असणाऱ्या मुलींची मुक्तीत कमतरता नव्हती. तरी रमाबाई बेचैन होत्या, कारण त्यांच्या लेखी तेवढ्याने काही झाले नव्हते. स्वतःची आठ वर्षे त्या विसरल्या नव्हत्या.

१९०४ च्या शेवटी वेल्समध्ये मोठी जागृती सुरू झाली. खाणकामगार, गिरणीकामगार, पोरेसोरे चर्चमध्ये उभी राहून प्रार्थना करू लागली. पुढे तेव्हाच्या आसामातल्या खासी डोंगरांतही तसेच घडू लागले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तीतल्या मुलींना विचारले, रोज एकत्र येऊन देशातल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. प्रार्थना मोघम नव्हती. नावांच्या याद्या केल्या जात, मुलींत वाटून दिल्या जात, आणि प्रत्येकीने आपल्या वाटणीची नावे रोज देवापुढे मांडायची. ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही त्यांची नावे. त्या मुलींतल्या कितीतरी जणींची स्वतःची नावे घेणारे जगात कुणी उरले नव्हते.

त्यानंतर रमाबाईंनी दुसरी विचारणा केली. शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगायला कोण जाईल? तीस मुली उभ्या राहिल्या. या तीसजणी रोज एकत्र जमून, आपल्याला या कामाचे सामर्थ्य मिळावे म्हणून प्रार्थना करू लागल्या. मिनी एब्राम्स ही अमेरिकन मिशनरी तेव्हा रमाबाईंच्या बरोबर होती. पुढचा प्रसंग तिने नोंदवला आहे.

२९ जून १९०५. पहाटेचे साडेतीन. मोठ्या मुलींच्या निजण्याच्या दालनात एक मुलगी जागी होऊन तळमळून प्रार्थना करत होती. शेजारच्या मुलीने डोळे उघडले तर तिला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत पलीकडे गेली, पाण्याची बादली उचलून आणली, आणि ओतणार तेवढ्यात तिच्या ध्यानात आले की आग लागलेली नाही. मुली जाग्या झाल्या, एकमेकींना बिलगून रडू लागल्या, आपापली पापे बोलून दाखवू लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत स्वरात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. एकाएकी समोरच्या शेकडो मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. बाईंना बोलणे थांबवावे लागले.

त्यानंतरचे कित्येक दिवस शाळा बंद, उद्योगशाळा बंद. मुलींनी आपल्या चोऱ्या कबूल केल्या, लपवलेल्या वस्तू परत केल्या, अबोले सोडले. पुढच्या वर्ष-दीड वर्षात अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले. काही मिशनऱ्यांना हा गलका पसंत पडला नाही. शेकडो जणींनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे त्यांना अशोभनीय वाटले. रमाबाईंनी त्यांना उत्तर देताना म्हटले की भारतातल्या ख्रिस्ती लोकांनी देवापुढे आपल्या रीतीने रडावे, आपल्या रीतीने आनंद करावा. पाश्चात्त्य शिस्तीचा साचा त्यांच्यावर लादू नये. ज्या बाईंनी वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रापत्रीतून हेच भांडण वीस वर्षांपूर्वी मांडले होते, त्यांना ही बाजू घेणे अवघड नव्हते.

जगाने केडगावचा हा जून महिना लक्षात ठेवला. एब्राम्सने १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका फार दूरवर गेली. तिची शिक्षणाच्या काळातली मैत्रीण मे हूवर नवऱ्याबरोबर दक्षिण अमेरिकेत, चिलीमधल्या वालपराइसो शहरात मेथडिस्ट मंडळीचे काम करत होती. १९०७ मध्ये ती पुस्तिका तिच्या हाती पडली, आणि दोन वर्षांनी तिथे सुरू झालेल्या जागृतीतून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ जन्मली. केडगावच्या माळावरच्या दुष्काळग्रस्त पोरी आणि पॅसिफिकच्या काठावरचे ते बंदर यांच्यात असा धागा आहे. आपल्याकडच्या चर्चांतून तो क्वचितच सांगितला जातो.

पण मला त्या जूनपेक्षा जुलै अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्यापुढची सतरा वर्षे त्याहून अधिक. रडण्याने हलके झालेले मन चार दिवसांत पुन्हा जड होते, हे प्रत्येक मंडळीला ठाऊक आहे. केडगावात मुलींचे बायबलचे वर्ग सुरू झाले. टोळ्या पाडल्या गेल्या. पाळीपाळीने काही जणी खेड्यांत जात, बाकीच्या मागे राहून अभ्यास आणि प्रार्थना करत. मिशनच्या भाषेत अशा बायकांना ‘बायबलबाई’ म्हणत. पुरुष उपदेशक चावडीवर किंवा बाजारात बोले. त्याचे शब्द पारावर बसलेल्यांपर्यंत पोचत. माजघरात, जात्यापाशी, आडावर जी बाई होती तिच्यापर्यंत पोचायचे तर बाईच हवी. या मुलींजवळ पदवी नव्हती, पण उपासमार काय असते, विधवेच्या वाट्याला काय येते हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

आणि त्यांच्या हातात कोणते पुस्तक द्यायचे? मराठीत बायबल होते. श्रीरामपुराहून विल्यम केरीने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला होता. त्यानंतर बायबल सोसायटीच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांत पंडितांची मदत होती आणि भाषा पंडिती होती. शिकलेल्या माणसाला ती भारदस्त वाटे. मुक्तीतली मुलगी वाचताना अडखळे. गुजरातेतून, मध्य प्रांतातून आलेल्या कित्येकींना मराठीच मुळात नंतर शिकलेली भाषा. शिवाय रमाबाईंची आणखी एक अडचण होती. अनेक संस्कृत शब्दांना शास्त्र-पुराणांतले अर्थ आधीच चिकटलेले असतात, ते ऐकणाऱ्याला भलतीकडेच घेऊन जातात, असे त्यांचे मत होते. हे त्यांच्याइतक्या अधिकाराने सांगू शकणारी दुसरी व्यक्ती तेव्हाच्या मराठी ख्रिस्ती समाजात सापडणे कठीण.

तेव्हा त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले, पन्नाशीच्या आसपास, ऐकू कमी येत असताना, दोन हजार तोंडांचा संसार पाठीवर घेऊन. १९०५ च्या सुमारास सुरू झालेले भाषांतर शेवटपर्यंत चालू राहिले. ते अतिसाधे झाले, त्यातला भाषेचा गोडवा गेला, अशी टीका झाली. तीत तथ्यही असेल. संस्कृत ज्यांच्या जिभेवर लहानपणापासून खेळत होते त्या बाईंनी तो गोडवा जाणूनबुजून सोडला. नदीच्या घाटावर कुणालाही न कळणारे श्लोक वाचून त्यांनी लहानपणी पोट भरले होते. आता शेतात राबणाऱ्या बाईला पहिल्या वाचनात कळेल, एवढेच त्यांना हवे होते.

छपाई केडगावातच झाली, आणि ती मुक्तीतल्या बायांनी केली. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना यातले कष्ट ठाऊक असतील. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, ज्या खणांच्या पेटीत ठेवतात तो ‘केस’ इंग्रजीचा असला तर आटोपशीर असतो. देवनागरीचा केस म्हणजे खणांचे रानच. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, प्रत्येकाचा खिळा वेगळा, प्रत्येकाचा खण वेगळा. खिळ्यावर अक्षर उलटे. शिशाने बोटे काळी होतात. डाव्या हातात जुळणीची काठी, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून लावायचा, ओळ भरली की अंतर सारखे करायचे, पान भरले की दोऱ्याने बांधून गॅलीवर सरकवायचे. मग कच्चे प्रूफ. मग बाईंच्या हातच्या दुरुस्त्या, आणि त्यासाठी पुन्हा ओळ मोडून पुन्हा जुळवणी. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सहासष्ट पुस्तके अशी उभी करायची.

धर्मशास्त्र वाचण्याच्या पुष्कळ पद्धती आहेत, पण इतके सावकाश, अक्षरागणिक हाताने उचलून वाचणे फार थोड्यांच्या वाट्याला येते. रमाबाईंच्या चरित्रांत भाषांतराचे कौतुक पानेच्या पाने आहे, आणि ते रास्तच आहे. खिळे जुळवणाऱ्या बायकांची नावे मात्र त्या ग्रंथावर नाहीत. ज्या मुलींना केडगावात आणले तेव्हा उभे राहण्याचे त्राण नव्हते, त्यांच्यासारख्याच बायांच्या बोटांतून मराठी बायबल एकेक अक्षर करून बाहेर पडत होते. खेड्यांत जाऊन बोलणाऱ्या आणि केससमोर उभ्या राहणाऱ्या अशी त्यांच्यात प्रतवारी लावणे मला जमत नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईने आपल्यामागे मुक्ती सांभाळायला जिला तयार केले होते ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई त्या दुःखातही प्रुफे तपासत राहिल्या. चरित्रकार सांगतात, प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले, राहिलेले तपासून व्हावे म्हणून. काम संपले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला.

छपाई बरीच उरली होती. ती मुक्तीतल्या बायांनी पुढे नेली. फर्मे चढवले, पाने दुमडली, जुळवली, शिवली, पुठ्ठे बांधले. संपूर्ण ग्रंथ हातात आला तो १९२४ मध्ये.